लावोरारे : एका इटालियन क्रियापदाची चाल



पत्रिकेत माझ्या नावापुढे हा विषय छापलेला पाहून गेल्या आठ दिवसांत निदान दहा जणांनी मला रस्त्यात थांबवून विचारले की, ही छापखान्याची चूक तर नव्हे ना? यंत्रमाग कामगारांत तीस वर्षे काढलेला माणूस मजुरीवर बोलेल, बोनसवर बोलेल, फार तर महागाईवर बोलेल. त्याने इटालियन क्रियापद कशाला हातात घ्यावे? छापखान्याची चूक नाही. विषय मीच दिला, आणि चालकांनी तो न हसता स्वीकारला, याबद्दल मी त्यांचा आभारी आहे. आजच्या तासाभरात मजुरीही येणार आहे. पण ती क्रियापदाच्या पाठीमागून येईल.

मी पंडित नाही. सातवीनंतर शाळा सुटली. पुढे जे काही शिकलो ते पाळी संपल्यावर, मिळेल त्या पुस्तकातून. सभेत भाषांचे प्राध्यापक बसलेले दिसतात. त्यांनी माझ्याकडे जरा सवलतीने पाहावे. माझे म्हणणे थोडके आहे. कोण करतो, केव्हा करतो, आणि ते खरोखर घडते की नुसते बोलण्यात आहे, या तीन गोष्टींचा जाब क्रियापद देत असते. ज्याचे पोट दुसऱ्याच्या लेखी शब्दावर अवलंबून आहे, त्याला हा जाब विचारता आला पाहिजे. इटालियन भाषेत हा जाब शब्दाच्या शेपटीत इतका उघड असतो की, तिथे तयार झालेली नजर पुढे मराठी करारपत्रावरही कामी येते.

इटालियनशी माझी गाठ पडली ती एका पत्र्याच्या पाटीमुळे. आमच्या इचलकरंजीत धोट्याचे माग मागे पडून बिनधोट्याचे माग येऊ लागले, तेव्हा त्यांत युरोपातून वापरून काढलेले जुने मागही आले. अशा एका मागाच्या अंगाला पिवळी पाटी होती, आणि तिच्यावर दोन शब्द होते : ‘नोन तोक्कारे’. कारखाना कोणाचा ते सांगण्याचे कारण नाही. त्या शब्दांचा अर्थ मालकाला ठाऊक नव्हता, जॉबरला ठाऊक नव्हता, आणि हाताखाली काम करणाऱ्या अठरा-एकोणीस वर्षांच्या पोराला तर नव्हताच. त्याच्या उजव्या हाताची दोन बोटे गेली. भरपाईचे बोलणे निघाले तेव्हा मालकाच्या बाजूने सांगण्यात आले की, यंत्रावर सूचना स्पष्ट लिहिलेली होती. लिहिलेली होती हे खरेच. ‘हात लावू नये’ एवढाच त्या दोन शब्दांचा अर्थ. तो शोधण्यासाठी मी कोल्हापुरातल्या जुन्या पुस्तकांच्या दुकानातून इटालियनचे एक इंग्रजी व्याकरण आणले, आणि मग दोन शब्दांवर थांबलो नाही.

आता फळ्याकडे पाहा. इटालियन क्रियापदाचे मूळ रूप बहुधा ‘आरे’, ‘एरे’ किंवा ‘इरे’ यांपैकी एका शेवटाचे असते. आपण करणे, बसणे, उठणे म्हणतो. आपला ‘णे’ एकच, त्यांची घराणी तीन. त्यांत ‘आरे’चे घराणे सर्वांत मोठे, आणि ते अजून वाढते आहे. टेलिफोन आला तेव्हा ‘तेलेफोनारे’ झाले, संगणक आला तेव्हा ‘क्लिक्कारे’ झाले. नवा पाहुणा बहुतेक याच घरी उतरतो. आपण या घराण्यातले ‘लावोरारे’ घेऊ. लावोरारे म्हणजे काम करणे. ज्या लॅटिन शब्दापासून ते आले त्याच्या पोटात कष्टणे, राबणे, सोसणे हे सगळे अर्थ होते. शेवटचा ‘आरे’ काढून टाकला की ‘लावोर’ उरतो. हा धातू. तो जागचा हलत नाही. हलते ती शेपटी.

मी काम करतो : लावोरो. तू : लावोरी. तो किंवा ती : लावोरा. आम्ही : लावोरियामो. तुम्ही : लावोराते. ते किंवा त्या : लावोरानो. म्हणताना एक सांभाळावे लागते. ‘लावोराते’मध्ये जोर ‘रा’वर, पण ‘लावोरानो’मध्ये तो मागे ‘वो’वर. नवशिका इथेच ओळखू येतो.

या सहा रूपांना मी, तू, तो हे शब्द जोडावे लागत नाहीत. शेपटीवरूनच माणूस ओळखू येतो. मराठीत ‘काम करतो’ एवढेच म्हटले तर मी की तो, हे कळत नाही. उलट ‘करतो’ आणि ‘करते’ यांवरून बाई की बुवा ते आपल्याला कळते. इटालियन ‘लावोरा’ ते सांगत नाही. आणखी एका ठिकाणी आपली भाषा वरचढ आहे. आपल्याकडे ‘आम्ही’ वेगळे आणि ‘आपण’ वेगळे. ऐकणाऱ्याला धरून की सोडून, हा भेद इटालियन माणसाला एका शब्दाने करता येत नाही. सभासमारंभात मालक ‘आपण सगळे एकच कुटुंब’ म्हणतात आणि बोनसच्या वेळी ‘आम्हांला परवडत नाही’ म्हणतात. हा सर्व व्यवहार इटालियनमध्ये एकाच ‘लावोरियामो’त उरकतो.

आता ‘शोपेरारे’ घ्या. शोपेरारे म्हणजे संप करणे. तेही याच घराण्यातले. शोपेरो, शोपेरी, शोपेरा, शोपेरियामो, शोपेराते, शोपेरानो. पाहा, काही नवे शिकावे लागले नाही. ज्याला काम करणे चालवता आले त्याला संप करणे आपोआप चालवता येते. (हशा.) आपण हसलात, पण नियमित क्रियापद म्हणजे हेच. शाळा सुटलेल्या माणसाला नियमाचे मोल फार असते. एकेक शब्द स्वतंत्र पाठ करायला त्याच्याजवळ वेळ नसतो. एक चाल हाती आली आणि तिने हजारो क्रियापदे उघडली, तर तो पाळी संपल्यावरच्या अर्ध्या तासात पुढे सरकतो. आणखी एक मौज आहे. ‘लावोरो’ म्हणजे मी काम करतो, आणि नुसते ‘काम’ यालाही ‘लावोरो’च. ‘शोपेरो’ म्हणजे मी संप करतो, आणि ‘संप’ यालाही ‘शोपेरो’च. नाम आणि उत्तमपुरुष यांचा एकच चेहरा.

भूतकाळाशी मात्र जरा थांबू, कारण इटालियनची खरी श्रीमंती तिथे आहे. पहिला भूतकाळ असा : लावोरावो, लावोरावी, लावोरावा, लावोरावामो, लावोरावाते, लावोरावानो. हे आपले ‘काम करीत असे’. आपल्या व्याकरणात याला रीतिभूतकाळ म्हणतात. याला आरंभ दाखवलेला नसतो, शेवटही दाखवलेला नसतो. दुसरा भूतकाळ असा : लावोराई, लावोरास्ती, लावोरो, लावोराम्मो, लावोरास्ते, लावोरारोनो. यातल्या ‘लावोरो’चा जोर शेवटच्या अक्षरावर आहे आणि लिहिताना त्या अक्षरावर तिरकी रेघ देतात. जोर ‘वो’वर ठेवला तर ‘मी काम करतो’. जोर ‘रो’वर नेला तर ‘त्याने काम केले’. हा दुसरा भूतकाळ म्हणजे घडून गेलेली, कडी लावून बंद केलेली गोष्ट.

दोन्ही एकत्र कसे चालतात ते एका खऱ्या गोष्टीवरून सांगतो. उत्तर इटलीत पीमोंत प्रांतात वेर्चेल्ली नावाचे गाव आहे. आसपास भाताची शेते. त्या शेतांत निंदणीला बायका येत. गुडघाभर पाण्यात वाकून, डोक्यावर ऊन घेऊन, त्या दिवसदिवस काम करीत. इथे ‘लावोरावानो’. पिढ्यान्‌पिढ्या चाललेली रीत, म्हणून रीतिभूतकाळ. मग त्या झुंजल्या. झुंजणे म्हणजे ‘लोत्तारे’, पुन्हा आपल्याच घराण्यातले नियमित क्रियापद. त्या ‘लोत्तारोनो’, आणि १९०६ साली वेर्चेल्लीत त्यांनी आठ तासांचा दिवस मिळवला. हे दुसऱ्या भूतकाळात. ‘लावोरावानो’ ही परिस्थिती, ‘लोत्तारोनो’ ही घटना. इतिहास सांगणाऱ्याने परिस्थिती कोणत्या शेपटीने सांगावी आणि घटना कोणत्या, हे इटालियन मुलाला लहानपणीच कळते. आपल्याकडे चळवळीचा इतिहास लिहिणारे पुष्कळदा सगळेच ‘झाले’, ‘झाले’ म्हणून लिहितात, आणि मग किती वर्षे सोसले आणि कोणत्या दिवशी उठले, यांतला फरक वाचणाऱ्याला लागत नाही.

तिसरा भूतकाळ जोडून होतो : ओ लावोरातो. ‘ओ’ म्हणजे माझ्याजवळ आहे. ‘लावोरातो’ म्हणजे केलेले काम. मी काम केले आहे. ‘ओ’च्या जागी ‘आई, आ, आब्बियामो, आवेते, आन्नो’ घालत गेले की सहाही पुरुष होतात, ‘लावोरातो’ तसाच राहतो. पुस्तके सांगतात की हा नजीकचा भूतकाळ आणि मघाचा तो दूरचा. प्रत्यक्षात असे आहे की, उत्तर इटलीतला माणूस पन्नास वर्षांपूर्वीची गोष्टसुद्धा या जोडभूतात सांगतो, आणि सिसिलीत सकाळी घडलेली गोष्टही दूरच्या भूतात सांगितलेली ऐकू येते. एका देशाला काल म्हणजे किती लांब, हेही एकमताने ठरवता आलेले नाही.

जाणे, येणे, जन्मणे, मरणे अशा क्रियापदांना मात्र ‘माझ्याजवळ आहे’ लागत नाही. त्यांना ‘मी आहे’ लागते. आणि मग शेपटी लिंग पाळू लागते. पुरुष म्हणेल ‘सोनो आंदातो’, मी गेलो आहे. बाई म्हणेल ‘सोनो आंदाता’, मी गेले आहे. इंग्रजांना हे फार जड जाते असे त्या व्याकरणाच्या प्रस्तावनेत लिहिले होते. मला ते वाचून बरे वाटले, कारण आपल्या पोरालाही ‘मी गेलो’ आणि पोरीला ‘मी गेले’ हे कोणी शिकवावे लागत नाही. तसेच भाकरीचे. मराठीत मी पुरुष असलो तरी ‘भाकरी खाल्ली’, कारण क्रियापद कर्माकडे पाहते. इटालियनमध्येही ‘ती मी खाल्ली’ अशा रचनेत, कर्माचे सर्वनाम पुढे आले की, ‘मांजातो’चे ‘मांजाता’ होते. दामल्यांच्या १९११ सालच्या ‘शास्त्रीय मराठी व्याकरणा’त कर्मणी प्रयोगाचा जो विचार आहे, तो वाचलेल्या माणसाला इथे परके वाटत नाही.

‘केले होते’ यासाठी ‘आवेवो लावोरातो’ आहे. त्याच्याही पलीकडे एक फार पुस्तकी जोडभूत आहे. तो बोलण्यात भेटत नाही, आपणही त्याला सोडून देऊ.

एक गंमत मात्र सांगण्यासारखी आहे. पूर्वी ‘मी काम करीत असे’ आणि ‘तो काम करीत असे’ या दोहोंना ‘लावोरावा’ हे एकच रूप लिहिण्याची रीत होती. आलेस्सांद्रो मांझोनी नावाच्या थोर कादंबरीकाराने आपली ‘वाग्दत्त वधूवर’ ही कादंबरी आधी १८२७ साली पुरी केली आणि मग फ्लॉरेन्सच्या बोलीवर घासून १८४० ते १८४२ या काळात पुन्हा छापली. त्यात त्याने उत्तमपुरुषाला ‘लावोरावो’सारखी ‘ओ’ची रूपे घेतली. मी आणि तो वेगळे झाले. पुढच्या पिढ्यांनी शाळेत तेच गिरवले.

आता भविष्यकाळ. लावोरेरो, लावोरेराई, लावोरेरा, लावोरेरेमो, लावोरेरेते, लावोरेरान्नो. मूळ ‘आरे’तल्या ‘आ’चा इथे ‘ए’ होतो, हा फ्लॉरेन्सचा उच्चार. पण या शेपट्या नीट पाहा : ओ, आई, आ, एमो, एते, आन्नो. मघाशी ‘माझ्याजवळ आहे’ या क्रियापदाची जी रूपे सांगितली, तीच ही. लॅटिनचा जुना भविष्यकाळ लोकांच्या बोलण्यातून गेला आणि लोक म्हणू लागले, ‘काम करणे माझ्याकडे आहे.’ म्हणजे मला काम करायचे आहे. ते दोन शब्द चिकटून ‘लावोरेरो’ झाला. इटालियन माणसाचा उद्या हा असा अंगावर असलेल्या कर्तव्यातून तयार झालेला आहे. आपण ‘मला उद्या पाळीवर जायचे आहे’ म्हणतो तेव्हा तेच करीत असतो.

हाच भविष्यकाळ अंदाजालाही चालतो. ‘आत्ता तो कामावर असेल’ म्हणताना आपण भविष्याचे रूप वापरतो, तेही ‘लावोरेरा’ म्हणतात.

त्याला अगदी लागून जो आहे त्याला मी संकेतार्थ म्हणतो. त्यांची संज्ञा ‘कोंदित्सिओनाले’, म्हणजे अटीचा. लावोरेरेई, लावोरेरेस्ती, लावोरेरेब्बे, लावोरेरेम्मो, लावोरेरेस्ते, लावोरेरेब्बेरो. हाही तसाच जुळलेला आहे, पण भूतकाळाशी : ‘काम करायचे होते’. मराठीत ‘येईन’ म्हणणारा माणूस वेगळा आणि ‘येणार होतो’ म्हणणारा वेगळा, हे आपल्याला ठाऊक आहे. ‘येणार होतो’ म्हटले की पुढचा ‘पण’ ऐकायला आपण तयार होतो. अटीच्या रूपात हा ‘पण’ दडलेला आहे.

आता कान देऊन ऐका. ‘पागारे’ म्हणजे पैसे चुकते करणे. आपल्या ‘पगारा’शी त्याचा आवाज जुळतो. आपला शब्द पोर्तुगिजांकडून आला, आणि त्यांचा ‘पागार’ व इटालियनांचा ‘पागारे’ हे एकाच लॅटिन आजीची नातवंडे. पागेरेमो : आम्ही पैसे देऊ. पागेरेम्मो : आम्ही पैसे देऊ, पण काही अट आहे. दोहोंत फरक एका ‘म’चा. बाकी अक्षर न्‌ अक्षर तेच. वाटाघाटीच्या टेबलावर दिवे लागणीच्या वेळी, दोन्ही बाजू थकलेल्या असताना, तो जास्तीचा ‘म’ कोणाच्या ध्यानात येईल? आणि सही झाल्यावर त्याची किंमत कोण मोजील?

आपल्याकडे तो ‘म’ वेगळ्या वेषात येतो. एका तडजोडीच्या मसुद्यात कलम होते : ‘परिस्थिती अनुकूल झाल्यास मजुरीवाढीचा विचार करण्यात येईल.’ आमचे लोक खूष झाले, कारण ‘वाढ’ हा शब्द कानावर पडला होता. मी म्हटले, या वाक्यातले क्रियापद चालवून दाखवा. विचार कोण करील? ‘करण्यात येईल’ला कर्ताच नाही. केव्हा? ‘झाल्यास’. झाली की नाही हे कोण ठरवील? तेही नाही. कर्ता नाही, काळ नाही, आणि अर्थ संकेतार्थ. चार दिवस त्या एका ओळीवर गेले. शेवटी ओळ झाली ती अशी की, मालक अमुक तारखेपासून मीटरमागे अमुक पैसे वाढ देतील. कर्ता आला, काळ आला, स्वार्थ आला. चार दिवस फुकट घालवले असे तेव्हा काहीजण म्हणाले. वाढ हातात पडली तेव्हा ते काही म्हणाले नाहीत.

अटीच्या रूपाचा इटलीतला आणखी एक उपयोग फार शिकण्यासारखा आहे. ‘त्याने सांगितले की मी पैसे देईन’ हे इटालियनमध्ये असे होते : ‘दिस्से के आव्रेब्बे पागातो’. शब्दशः पाहिले तर ‘त्याने दिले असते’. पुढे दिले की नाही दिले, दोन्ही प्रसंगी हेच रूप. दुसऱ्याने दिलेल्या वचनाची हमी व्याकरण घेत नाही. तिथली वर्तमानपत्रेही बातमीची खात्री नसली की क्रियापद या अर्थात टाकतात. आपल्या ‘म्हणे’चे काम तिथे शेपटी करते.

यानंतर ‘कोन्जुंतीवो’. याची धास्ती खुद्द इटालियन लोकांनाही आहे. मोठमोठे पुढारी त्यात अडखळले की दुसऱ्या दिवशी थट्टा होते. पण मराठी माणसाने घाबरण्याचे कारण नाही. तो काम करतो हे मला ठाऊक आहे, इथे ‘लावोरा’. तो काम करीत असावा असे वाटते, इथे ‘लावोरी’. त्याने काम करावे अशी इच्छा आहे, इथेही ‘लावोरी’. पाहा, आपल्या ‘असावा’त अंदाज आहे आणि ‘करावे’त इच्छा आहे, आणि दोन्हींत एकच ‘आव’ आहे. आपला विध्यर्थ तो हाच. रूपे अशी : लावोरी, लावोरी, लावोरी, लावोरियामो, लावोरियाते, लावोरिनो. एकवचनी तिघे सारखे, म्हणून इथे मी, तू, तो हे शब्द पुष्कळदा पुढे आणावे लागतात. भूतकाळी रूपे : लावोरास्सी, लावोरास्सी, लावोरास्से, लावोरास्सिमो, लावोरास्ते, लावोरास्सेरो. ‘मी काम केले असते तर कमावले असते’ यात आपण दोन्हीकडे ‘असते’ म्हणतो. इटालियन माणूस ‘जर’च्या बाजूला कोन्जुंतीवो ठेवतो आणि ‘तर’च्या बाजूला कोंदित्सिओनाले. अट वेगळ्या रंगात, फळ वेगळ्या रंगात.

आज्ञार्थ थोडक्यात सांगतो. तू कर : लावोरा. करू या : लावोरियामो. तुम्ही करा : लावोराते. आणि अदबीने एका माणसाला सांगायचे तर आज्ञा देतच नाहीत. इच्छेचे रूप उसने घेतात : लावोरी. ‘आपण काम करावे.’ अदबीच्या या सर्वनामाला ‘लेई’ म्हणतात, क्रियापद तृतीयपुरुषी. मुसोलिनीच्या राजवटीला हे ‘लेई’ बायकी आणि परके वाटले, आणि १९३८ साली त्याविरुद्ध मोहीम उघडून कचेऱ्यांतून सर्वांनी ‘व्होई’, म्हणजे तुम्ही, म्हणावे असे फर्मान निघाले. ‘लेई’ नावाचे एक बायकांचे मासिक होते, त्यालासुद्धा नाव बदलावे लागले. हुकूमशाहीला क्रियापदाच्या शेपटीत हात घालावासा वाटला, याचे मला नवल वाटत नाही. मुकादम कामगाराला ‘अरे’ म्हणतो की ‘अहो’, यावरून आमच्याकडे माग बंद पडलेले मी पाहिले आहेत. राजवट गेली आणि ‘लेई’ परत आले.

आणि ‘तू करू नकोस’ म्हणताना? तिथे आज्ञेचे रूप चालत नाही. मूळ रूपच येते : नोन लावोरारे. पाट्यांवर सर्वांना उद्देशूनही तेच लिहितात. ‘नोन तोक्कारे’ हे तेच रूप. त्यात पुरुष नाही, वचन नाही, काळ नाही. कोणी कोणाला सांगितले ते त्यात नाही. कोणाला वाचता येईल याची चौकशीही त्यात नाही.

आता ही सगळी रूपे इटलीत कोणाच्या मालकीची होती ते पाहू. १८६१ साली इटली एक झाली तेव्हा निरक्षर लोक शेकडा पंच्याहत्तरांच्या वर होते. इटालियन खरोखर बोलणारे किती, याचा हिशेब तूल्लिओ दे माउरो यांनी १९६३ सालच्या ग्रंथात मांडला : शेकडा अडीच. पुढे दुसऱ्या अभ्यासकांनी तो आकडा दहाच्या घरात नेला. तरीही नव्वद जण आपापल्या बोलीत, आणि कायदा, कोर्ट, करार इटालियनमध्ये. म्हणजे त्या देशातल्या बहुतेक श्रमिकांना ‘लावोरारे’ हे क्रियापद परक्या भाषेसारखेच शिकावे लागले. दोन लोकांनी हे दुःख नीट ओळखले. दोन लोरेन्झो मिलानी हे पाद्री. तिथे ‘दोन’ हे पाद्र्याच्या नावापुढचे मानाचे पद आहे. त्यांनी डोंगरातल्या बार्बियाना खेड्यात शाळेने नापास केलेल्या शेतकऱ्यांच्या मुलांना भाषा शिकवली, आणि त्या मुलांनी मिळून लिहिलेले ‘एका शिक्षिकेस पत्र’ १९६७ साली, मिलानी मरण्याच्या थोडे आधी, प्रसिद्ध झाले. दुसरे आल्बेर्तो मांझी. १९६० ते १९६८ या काळात ते दूरचित्रवाणीवर प्रौढांना लिहायला-वाचायला शिकवीत. कार्यक्रमाचे नावच असे होते की, उशीर असा कधी होतच नाही.

पण मला सर्वांत जवळची वाटते ती १९७३ सालची गोष्ट. त्या वर्षी धातुकामगारांच्या संघटनेने आपल्या राष्ट्रीय करारात शिक्षणासाठी भरपगारी रजा मिळवली : तीन वर्षांत १५० तास. अट अशी की, अभ्यासक्रम निदान त्याच्या दुप्पट तासांचा असावा. म्हणजे मालकाचे १५० तास, तर कामगाराने स्वतःचेही तेवढेच घालावेत. हजारो कामगारांनी आणि पुढे घरकाम करणाऱ्या बायकांनीही त्यातून शाळेचा अर्धवट राहिलेला दाखला पुरा केला. करारात मजुरी मागणाऱ्या संघटना मी पुष्कळ पाहिल्या. व्याकरणासाठी वेळ मागणारी ही एक.

इटलीची राज्यघटना १ जानेवारी १९४८ रोजी अमलात आली. पहिल्याच कलमात ते प्रजासत्ताक श्रमावर उभे असल्याचे म्हटले आहे. आपला ‘लावोरो’ तिथे आहे. ३६व्या कलमात कामगाराला स्वतःच्या आणि कुटुंबाच्या सन्मानाने जगण्याला पुरेल अशा मोबदल्याचा हक्क सांगितला आहे. यातले क्रियापद वर्तमानकाळी आहे आणि स्वार्थात आहे : हक्क आहे. आपल्या घटनेचे ४३वे कलम याच आशयाचे. तिथे राज्य निर्वाह वेतन मिळवून देण्याचा प्रयत्न करील असे आहे. भविष्यकाळ, आणि प्रयत्नाचा. शिवाय ३७व्या कलमाने ही तत्त्वे कोर्टामार्फत बजावता येत नाहीत. इटलीत मात्र ३६व्या कलमावर बोट ठेवून न्यायाधीशांनी कमी पडलेला मोबदला ठरवून दिल्याची उदाहरणे आहेत. नुसत्या वर्तमानकाळाने कोणाची चूल पेटत नाही, हे मलाही कळते; घटना लागू झाल्यावरही दक्षिणेतला शेतमजूर कित्येक वर्षे उत्तरेकडे आणि परदेशी पोट घेऊन हिंडत होता. पण ‘आहे’ म्हटलेल्याची वसुली मागता येते. ‘प्रयत्न करील’ याची वसुली कशी मागायची ते कोणी मला दाखवून द्यावे.

आणि आंतोनिओ ग्राम्शी. सार्डिनियाच्या बेटावर १८९१ साली जन्मलेला, तूरीनच्या विद्यापीठात भाषाशास्त्राच्या ओढीने आलेला हा माणूस १९२६ साली मुसोलिनीच्या पोलिसांनी पकडला. तुरुंगात त्याने वह्या भरल्या, त्या जगभर वाचल्या जातात. त्याचे राजकारण कोणाला पटेल, कोणाला पटणार नाही. ती चर्चा आज नको. त्याची शेवटची वही १९३५ सालची. तब्येत पार ढासळलेली, दोन वर्षांत मरण यायचे होते. त्या वहीचा विषय काय, तर व्याकरणाचा अभ्यास. त्याचे म्हणणे असे की, शाळेत व्याकरण शिकवणे सोडून दिले तर शिकलेल्या घरचे मूल ते घरीच उचलते, आणि गरिबाचे मूल भाषेबाहेर राहते. ही वही थोडक्या पानांची आहे.

वेळ होत आली. ‘लावोरांदो’ सांगायचे राहिले : काम करता करता. ‘स्तो लावोरांदो’, मी काम करीत आहे. हे सर्वांत सोपे, सहाही पुरुषांना एकच. कोणाला घरी जाऊन हात चालवून पाहायचा असेल तर ‘पागारे’ घ्यावे आणि सर्व काळ, सर्व अर्थ एका कागदावर मांडावेत. रोमन लिपीत लिहिणाऱ्याला तिथे एक अडचण येईल. त्यांच्याकडे ‘ग’च्या अक्षरापुढे ‘इ’ किंवा ‘ए’ आला की त्याचा ‘ज’ होतो, म्हणून ‘ग’ टिकवण्यासाठी मध्ये मुका ‘ह’ घालतात. देवनागरीत ‘पागी’ आणि ‘पागियामो’ लिहायला काही लागत नाही. पागेरेमो लिहिताना मात्र ‘म’ मोजून लिहा. कोणाला काही विचारायचे असल्यास मी खाली फळ्याजवळ थांबतो.